मराठीसाठी स्वतःची लिपी तयार करताना उच्चार पाळावा की लेखन?

चरईकर (ठाणे)

गेली तीन वर्षे मी मराठी लिहिण्यासाठी स्वतः तयार केलेली लिपी वापरतो आहे. याची सुरुवात काही फार उदात्त हेतूने झालेली नाही. मी चरईत राहतो आणि नोकरीसाठी रोज ठाण्याहून तुर्भ्याला जातो. ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली की वही उघडून दिवसाची टिपणे आणि थोडे खासगी लिखाण करण्याची मला सवय आहे, आणि शेजारचा प्रवासी मानसुद्धा न वळवता ते सगळे वाचू शकतो हे एकदा लक्षात आल्यावर मी अक्षरे बदलायला घेतली.

पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराऐवजी एक नवी खूण ठरवली. महिन्याभरात कळले की ही नवी लिपी नसून वेषांतर केलेली देवनागरीच आहे, कारण पहिली वेलांटी तशीच अक्षराच्या आधी येत होती, रफार तसाच पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसत होता आणि जोडाक्षरांची अडगळही जशीच्या तशी घरात आली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी थोडे वाचन केले. कोरियातील हंगुल ही लिपी राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत १४४३ मध्ये सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये जाहीर करण्यात आली. तिच्यात मूळ व्यंजनांच्या खुणा जीभ, ओठ आणि घसा यांच्या ठेवणीवरून बेतलेल्या आहेत आणि महाप्राण व्यंजन (ख, फ यांसारखे, श्वासाचा जोर असलेले) दाखवायला एक जादा रेघ पुरते. कॅनडातील क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास प्रचारात आणलेल्या लिपीत तर एकच खूण चार दिशांना फिरवून वापरली जाते. या दोन्हींचा मोह पडून मी प, फ, ब आणि भ या चार अक्षरांसाठी एकच खूण घेतली आणि ती चार दिशांना फिरवली, आणि प्रत्येक वर्गात हाच क्रम ठेवला. कागदावरचा तक्ता इतका देखणा झाला की तो मी काही दिवस भिंतीवर लावला होता. पुढे एकदा औषधाच्या दुकानात उभा राहून स्वतःचीच यादी वाचत असताना मला "पापांच्या गोळ्या" असे शब्द दिसले. त्या बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या हे कळायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात दुकानदाराने दोन गिऱ्हाइके उरकली.

आता तिसरी आवृत्ती चालू आहे आणि तिच्यात मी मूळ प्रश्नापाशीच अडलो आहे. "चहाची चव" या दोन शब्दांत च तीन वेळा येतो. पहिले दोन तालव्य आहेत (जीभ टाळूला लागते) आणि तिसरा दंत्य (जीभ दातांपाशी जाते), तरी देवनागरीत तिन्ही सारखेच. "संप", "संथ", "संशय" आणि "संवाद" या चार शब्दांत टिंब एकच, पण नाकातून निघणारा आवाज प्रत्येक वेळी निराळा. उलट "घर" या शब्दातल्या र मध्ये लिहिलेला अ आपण कधी उच्चारतच नाही. नवी लिपीच करायची तर हे सगळे उच्चाराप्रमाणे का लिहू नये, असे माझे एक मन म्हणते, आणि तसे लिहून पाहिले की पानभर मजकुरात ओळखीचे शब्द अनोळखी दिसू लागतात. आपल्यापैकी कोणी असा प्रयत्न केला असेल, किंवा मोडी, लघुलेखन, टंकरचना यांच्याशी आपला संबंध असेल, तर मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त लघुलेखिका (नौपाडा)

आपले पत्र वाचून हसू आले आणि थोडी कीवही आली, कारण पापांच्या गोळ्या मी तरुणपणी पुष्कळ खाल्ल्या आहेत. मी छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत मराठी लघुलेखन केले. आमची पद्धत पिटमनच्या वळणाची. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये इंग्रजीसाठी ती प्रसिद्ध केली आणि पुढे ती आपल्या भाषांना लावण्यात आली. तिच्यात प ची रेघ बारीक आणि ब ची तीच रेघ जाड, त बारीक आणि द जाड, अशी घोष व्यंजने केवळ दाबावरून ओळखायची असतात. टाकाने किंवा मऊ शिशाच्या पेन्सिलीने हा फरक सहज उमटतो. बॉलपेन आले आणि जाड रेघ जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून आमच्यापैकी पुष्कळ जणी शेवटपर्यंत पेन्सिलीलाच चिकटून राहिल्या. सांगण्याचे कारण एवढेच की आपण कोणत्या साधनाने लिहिणार हे आधी ठरवावे आणि खुणा नंतर. आपण हलत्या गाडीत, बहुधा बॉलपेनने लिहिता. तिथे कोन, दाब आणि रेघेची लांबी या तीन गोष्टींवर अर्थ टांगून ठेवणे म्हणजे संकटाला निमंत्रण आहे. खुणेचा मूळ आकारच वेगळा असावा. एक वळण घेणारा, एक मोडणारा, एक फास घालणारा.

उच्चाराविषयी माझा अनुभव असा आहे. लघुलेखन पूर्णपणे उच्चारावर चालते. साहेब मजकूर सांगत असताना वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न वहीत पडतच नाही. तो टंकलेखन यंत्रासमोर बसल्यावर पडतो. स्वर तर आम्ही बहुतेक गाळतोच, आणि व्यंजनांचा सांगाडा ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळ छेदून लिहिला की त्यावरून पहिला स्वर कोणत्या जातीचा हे कळते. हे सगळे चालते, पण त्याला एक अट आहे: टिपणे गरम असतानाच उतरवून काढावी लागतात. पंधरा दिवसांनी तीच पाने माझी मलाच कोड्यासारखी वाटत. एकदा एक सहकारी अचानक रजेवर गेली आणि तिची वही माझ्यापुढे आली. दोघींची पद्धत एकच, परीक्षा एकच, गतीही एकच. तरी तिने स्वतःपुरते पाडलेले संक्षेप मला उमगेनात आणि अर्धी बैठक तशीच राहिली. आपल्याला दिवसाची टिपणे वीस वर्षांनी वाचायची आहेत की आजच संध्याकाळी, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

एक साधा प्रयोग सुचवते. शंभर शब्दांचा एकच उतारा घ्यावा, घड्याळ लावून वीस वेळा लिहावा आणि पहिल्या पानाशेजारी विसावे पान ठेवावे. ज्या खुणा विसाव्या पानावर ओळखू येत नाहीत त्या आपल्या हाताने नाकारल्या आहेत असे समजावे. हात कुठे मुद्दाम थांबतो तेही पाहावे. उजवीकडे जाणाऱ्या ओळीत डावीकडे मागे यावे लागणारी प्रत्येक रेघ वेळ खाते.

घणसोलीचा (नवी मुंबई)

"उच्चाराप्रमाणे लिहावे" या वाक्यात कोणाचा उच्चार, हे चरईकरांनी सांगितलेले नाही. माझ्या घरी आगरी बोलतात. माझ्या आजीच्या तोंडी पाणी हे "पानी" असते, डोळा हा "डोला", घोडा हा "घोरा" आणि कोणी पडला तर तो "परला". तिच्यापुरती "केळी" आणि "केली" ही एकच चीज आहे, आणि तरी आयुष्यभरात बाजारात तिचा घोटाळा झाल्याचे मला माहीत नाही. चरईतल्या घरात बसून उच्चारानुसारी लिपी तयार केली तर तिच्यात ण आणि ळ यांना वेगळ्या खुणा मिळतील आणि तालव्य-दंत्य च ला दोन खुणा मिळतील. मग मी माझ्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले पत्र तुम्हाला चुकांनी भरलेले वाटेल. देवनागरीतल्या लेखनाचा एक मोठा गुण असा आहे की ते कोणाच्याच उच्चाराशी पुरते जुळत नाही, आणि म्हणूनच ठाण्याचा, घणसोलीचा आणि सोलापूरचा माणूस ते आपापल्या तोंडाने वाचू शकतो. हा गुण घालवण्याआधी दोनदा विचार करावा.

आता मोडीविषयी. आमची खाडीलगतची खाजणाची शेती सिडकोच्या संपादनात गेली, आणि संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळण्याच्या कागदपत्रांसाठी धावपळ चालू असताना पणजोबांच्या वेळचे मोडी कागद पेटीतून निघाले. घरात ते वाचू शकणारे कोणीही नव्हते. पणजोबा मात्र ते भराभरा वाचत असत असे आजी सांगते. ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की तिच्यात कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगत जातात. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा नियम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला असतो. "ध चा मा" केल्याची आख्यायिका खरी असो वा नसो, पण ती मराठी माणसाला पटते याचे कारण लिपीची ही घाई आहे. ते कागद वाचून घेण्यासाठी मी एका जाणकार गृहस्थांकडे तीन फेऱ्या मारल्या आणि त्यांच्या शेजारी बसून थोडी मोडी शिकलो.

तिथे मला जे दिसले ते तुमच्या च च्या प्रश्नासाठी उपयोगी पडेल. सावकाराच्या हिशेबात चार रुपयांचा उल्लेख "च्यार रुपये" असा होता. गृहस्थ म्हणाले की जुन्या कागदांत असे लिहिलेले नेहमी आढळते. म्हणजे नवी खूण न पाडता, आहे त्याच च ला य लावून जुन्या कारकुनांनी तालव्य उच्चार दाखवला होता. इ, ई आणि ए यांच्या आधी च तालव्यच असतो ("त्याचा" मधला च दंत्य, "त्याची" मधला तालव्य, हे बोलणाऱ्याला न सांगता कळते), म्हणून तिथे काही दाखवण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो "चार", "चहा" अशा शब्दांचा, आणि त्यांना य ची शेपटी पुरते. तुम्ही दोन स्वतंत्र खुणा केल्यात तर "त्याचा" आणि "त्याची" या एकाच प्रत्ययाच्या दोन रूपांत व्यंजनाची खूणच बदलेल, आणि माझ्या मते पानभर मजकूर अनोळखी दिसण्याचे ते एक कारण आहे.

वाशीचे मास्तर

देवनागरी असताना हा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. लिपीत सुधारणा करण्याचे प्रयत्न आपल्याकडे लहान माणसांनी केलेले नाहीत. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांच्या स्वतंत्र खुणा सोडून अि, अी, अु, अू असे लिहावे म्हणून आग्रह धरला, आणि काही काळ त्या पद्धतीने छापलेला मजकूरही लोकांनी वाचला. विनोबांनी लोकनागरीचा पुरस्कार केला. दोन्ही प्रयत्नांमागे टंक आणि छपाई सोपी करण्याचा सयुक्तिक विचार होता, दोघांच्याही शब्दाला वजन होते, तरी आज शाळेत मुले इ आणि उ च गिरवतात. इंग्रजीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बर्नार्ड शॉ यांनी इंग्रजीच्या नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात तरतूद केली, स्पर्धा झाली, किंग्स्ली रीड यांची वर्णमाला तयार झाली, १९६२ मध्ये तिच्यात शॉ यांचेच एक नाटक छापूनही निघाले. पुढे ती हौशी मंडळींपुरतीच राहिली.

घणसोलीचा (नवी मुंबई)

मास्तर, ज्यांच्याकडे चालती लिपी आहे त्यांची उदाहरणे तुम्ही दिलीत. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचीही पाहावीत. संताळी भाषेसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये मयूरभंजात ओल चिकी लिपी तयार केली, कारण बंगाली, ओडिया, देवनागरी आणि रोमन या चारही लिप्यांत संताळीतले अर्धवट अडवलेले व्यंजनध्वनी नीट बसत नव्हते, शिवाय एकच भाषा प्रांताप्रांतात वेगवेगळ्या लिपीत विभागली गेली होती. त्यांनी नुसता तक्ता केला नाही, त्या लिपीत नाटके आणि शिकवण्याची पुस्तके लिहिली. आज ओल चिकीत शालेय पुस्तके निघतात. उत्तर अमेरिकेतल्या चेरोकी भाषेसाठी सिक्वोया यांनी १८२१ मध्ये पूर्ण केलेली लिपी तर अशा माणसाची आहे ज्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आधी प्रत्येक शब्दाला एक खूण देऊन पाहिली, ते अशक्य ठरल्यावर प्रत्येक अक्षरावयवाला (का, की, कू अशा एकदम उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) एक अशी सुमारे ८५ खुणांची लिपी केली, आणि ती सर्वांत आधी शिकली त्यांची लहान मुलगी. सात वर्षांत त्या लिपीत वर्तमानपत्र छापले जात होते.

चरईकरांना वर्तमानपत्र काढायचे नाही हे मला समजते. पण दुसरा वाचक त्यांनीही शोधावा.

नेरूळचा टंकवाला (नवी मुंबई)

मी फॉन्ट तयार करण्याचे काम करतो, म्हणून चर्चेच्या त्या बाजूबद्दल लिहितो. त्याआधी एक दुरुस्ती. क्री लिपीत खूण फिरवल्याने स्वर बदलतो, व्यंजन बदलत नाही; व्यंजनांचे आकार मुळातच वेगवेगळे आहेत. वाचणाऱ्याचा अंदाज मुख्यतः व्यंजनांवर चालतो, म्हणून तिथे फिरवणे खपून जाते. चरईकरांनी नेमकी व्यंजनेच फिरवली, त्यामुळे बाबांचे पापा झाले.

ही लिपी कधीतरी संगणकावर आणायची असेल तर दोन वाटा आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांकाची जागा देणाऱ्या जागतिक पद्धतीत, खासगी वापरासाठी ६४०० जागांचा एक मोठा पट्टा राखून ठेवलेला आहे. तिथे कोणीही आपली अक्षरे ठेवू शकतो आणि युनिकोड तिथे कधीही दुसरे काही ठेवणार नाही. अडचण अशी की त्या जागांवरच्या अक्षरांचा स्वभाव कोणत्याही सॉफ्टवेअरला ठाऊक नसतो. देवनागरीत आपण आधी क आणि नंतर पहिली वेलांटी टंकित करतो, पण दिसताना वेलांटी क च्या आधी दिसते. ही अदलाबदल मजकूर मांडणारी प्रणाली करते, कारण तिला देवनागरी माहीत आहे. तुमची लिपी तिला माहीत नाही. म्हणून या वाटेने जायचे तर सगळ्या खुणा उच्चाराच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे येतील अशीच रचना हवी, रफाराला रजा द्यावी आणि जोडाक्षरे एकापुढे एक लिहावीत. शिवाय ज्याच्याकडे तुमचा फॉन्ट नाही त्याला नुसते रिकामे चौकोन दिसतील.

दुसरी वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. फॉन्ट देवनागरीच्याच जागांवर तयार करावा, म्हणजे क च्या जागी तुमचा क. टंकलेखन नेहमीच्या मराठी कळफलकावर होते, मजकूर आतून देवनागरीच राहतो, शोधता येतो, आणि फॉन्ट नसलेल्या माणसाला साधी मराठी दिसते. फाँटफोर्ज नावाचे साधन विनामूल्य आहे आणि त्यात हे सगळे करता येते. वेलांटी इथे आपोआप अक्षराच्या आधी जाईल, म्हणून ती परत जागेवर आणण्याचा नियम फॉन्टमध्ये लिहावा लागेल. त्याला चिकाटी लागते, पण ते अशक्य नाही. देवनागरीत ज्यांना जागा आहे ते सगळे भेद आयते मिळतात. "दर्या" आणि "दऱ्या" यांतला फरक संगणकाला आधीच कळतो, कारण दुसऱ्या शब्दात नुक्तावाला (खाली ठिपका असलेला) ऱ असतो. तालव्य-दंत्याचा भेद दाखवायचाच असेल तर च खाली नुक्ता देता येतो. काश्मिरी देवनागरीत लिहिताना दंत्य च साठी तीच सोय वापरतात. घणसोलीकरांचा "च्यार" मात्र नुक्त्यापेक्षा सरस आहे, कारण त्यासाठी वेगळी कळ शोधावी लागत नाही.

न उच्चारल्या जाणाऱ्या अ बद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्याला खूण देऊ नये. मराठीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर लिहावाच लागत नाही, ही आपल्या सगळ्या जुन्या लिप्यांनी केलेली मोठी बचत आहे. उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरवले तर "बदल" मध्ये द नंतर अ लिहावा लागेल आणि "बदली" मध्ये तो गाळावा लागेल. म्हणजे जो शब्द डोळ्याला एक दिसायला हवा त्याचे दोन तुकडे होतील.

चरईकर (ठाणे)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण लघुलेखिकाबाईंनी सांगितलेला प्रयोग मी खरोखरच केला. जाताना एकदा आणि येताना एकदा, असे दहा कामाचे दिवस एकच उतारा लिहिला. देवनागरीत तो मला सहा मिनिटांत लिहून होतो. माझ्या लिपीत पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली आणि शेवटच्या दिवशी आठ. विसावे पान पाहून मला थोडा धक्का बसला. महाप्राणासाठी मी हंगुलवरून उचललेली जी आडवी रेघ होती ती सोळाव्या पानापासून कुठेच नव्हती. तिच्या जागी अक्षराच्या शेवटी एक आकडा आला होता, कारण हाताला पेन उचलून परत आडवी रेघ मारायची नव्हती. मी तो आकडाच आता अधिकृत केला आहे. न आणि र एकमेकांत मिसळले होते. त्यांपैकी र बदलला.

च च्या बाबतीत "च्यार" ची पद्धत स्वीकारली. टिंब एकच ठेवले, कारण "संप" आणि "संथ" यांत पुढचे अक्षर पाहून तोंड आपोआप योग्य तो आवाज काढते, आणि जे तोंडाला सांगावे लागत नाही ते हाताला का सांगावे. अ लिहीत नाही. वेलांटी अक्षरानंतर येते. ह्रस्व-दीर्घाबाबत मात्र मी मोडीच्या वाटेने गेलो आहे, म्हणजे इ एकच आणि उ एकच. मास्तरांना हे आवडणार नाही याची कल्पना आहे, पण वही माझी आहे. ळ साठी ल च्याच खुणेला एक फास दिला, तो अशा विचाराने की घणसोलीकरांच्या आजींच्या बोलीत लिहायचे झाले तर फास नुसता सोडून द्यावा आणि बाकी शब्द तसाच राहावा.

दुसरा वाचकही मिळाला. धाकटी बहीण रविवारी घरी आली होती. तिच्यापुढे एका पानाचा तक्ता आणि दहा ओळींचे पत्र ठेवले. तिला चाळीस मिनिटे लागली आणि ती दोन ठिकाणी अडली. एका ठिकाणी चूक माझीच होती, मी मात्रा विसरलो होतो. दुसऱ्या ठिकाणी तिने "दिन" वाचले आणि मला "दीन" म्हणायचे होते. वाक्य असे होते की दोन्ही अर्थ बसत होते. देवनागरी असताना हा उपद्व्याप कशाला, हा मास्तरांचा मुद्दा तिथे एक गुण मिळवून गेला. मग तिने पेन घेतले आणि चार ओळींचे उत्तर लिहिले. त्यात "शाळेतल्या बाळूने" हे शब्द होते आणि दोन्ही ळ चा फास वरच्या बाजूला नसून पायाशी होता. मी तो चुकला म्हणून सांगणार होतो, तेवढ्यात लक्षात आले की तिने ल संपवताना पेन न उचलता तिथेच वळवले होते. माझ्या पद्धतीत पेन उचलून वर जावे लागते. दोन्ही प्रकार दहा-दहा वेळा लिहून पाहिले. तिचा सोपा आहे.

निवृत्त लघुलेखिका (नौपाडा)

मग पुढचे पत्र आपण त्यांच्या ळ ने लिहावे. तक्ता मात्र नवा काढावा, त्याच्या कोपऱ्यात तारीख घालावी, आणि जुना तक्ता ज्या वहीला लागू होता तिच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवावा. माझ्याकडे पहिल्या दहा वर्षांच्या सात वह्या आहेत. मधल्या काळात मी कोणता संक्षेप कधी बदलला याची नोंद कुठेच केली नाही, आणि आता त्यांतल्या दोन वह्या मला वाचता येत नाहीत.